कोरडी पायरी

१

गाठोडं सुटलं आणि आतून दगड निघाला.

काळा, गोल, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. सकाळचं ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलं होतं, बाया हळदीकुंकवाची ताटं धरून उभ्या होत्या, आणि हिरव्या खणात, जिथे धोंडाईचा चांदीचा मुखवटा असायला हवा होता, तिथे समुद्राने चाटून काढलेला एक दगड पडला होता. गोपिकाबाईंनी तो उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. जणू पुन्हा उचलला तर तो देवी होईल.

जाफराबाद तालुक्यातलं हे बोरधोंडी गाव दर बारा वर्षांनी देवीला मोठ्या पाण्यावर नेतं. आजवर मोठं पाणी म्हणजे पूर्णा नदी. यंदा काकासाहेब म्हणाले, पूर्णेच्या त्या गुडघाभर गढुळात देवीला काय बुडवता, कोकणात चला. देवी समुद्र बघेल आणि आपणही बघू. काकासाहेब माजी सरपंच, ओढ्याकाठची निम्मी काळी जमीन त्यांची. ते म्हणाले की गाव हलतं. बदनापूरहून बस ठरली. दीपगृह बघून झालं, नारळी-पोफळीच्या बागा झाल्या, होडीत बसून पाण्यातला किल्ला झाला. त्याआधी, काल सकाळी पोचल्या पोचल्याच, समुद्राला अगदी चिकटून असलेल्या महादेवाच्या देवळात धोंडाईला आंघोळ घातली होती. मग रात्रभर धावून बस आज सकाळी वेशीत आली.

देवी उचलायचा मान गोपिकाबाईंच्या घरचा. त्यांच्या सासरचे पूर्वज मेंढपाळ. माळावर मेंढरं बसली होती त्या जागी त्यांना देवी सापडली, म्हणून त्या घरची थोरली बाई तिला उचलते. ते गाठोडं दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. ते भुईला टेकवायचं नाही. मांडीवर, नाहीतर घोंगडीवर. आणि ती बाई देवी घेऊन गावातून चालते तेव्हा दारोदारच्या बाया तिच्या पायावर तांब्याभर पाणी घालतात.

दुपार व्हायच्या आत गावात एकच बोलणं फिरत होतं. म्हातारीने देवी समुद्रात घालवली आणि वर दगड बांधून आणला. हे पहिल्यांदा कोण बोललं, ते कुणाला नीट सांगता येईना, पण पटलं सगळ्यांना. काकासाहेबांनी पारावर निवाडा देऊन टाकला. उद्या सकाळी गोपिकाबाईंनी देवळापुढे नाक घासायचं आणि मान सोडायचा. सोडलेला मान कुणाच्या घरी जाणार, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

ज्या हातांवर बारा वर्षांपूर्वी गावाने डोकं टेकवलं होतं, ते हात एका दुपारीत चोराचे झाले.

२

गिरिजाबाई जालन्याला पोलिसात हवालदार होत्या. निवृत्त होऊन गावच्या कडेला दोन खोल्यांत राहत. गुडघ्यांमुळे त्या सहलीला गेल्या नव्हत्या. गोपिकाबाईंची सून दैवशाला त्यांच्या दारात आली ती बसलीच नाही.

"जमादारीणबाई, माझं अन् माझ्या सासूचं पटत न्हाई, हे साऱ्या गावाला ठावं," ती म्हणाली. "तिच्या हातचं कालवणबी मला गोड लागत न्हाई. पण ती चोर न्हाई. अन् ती खोटंबी बोलत न्हाई, तिला तेवढं येतच न्हाई."

गिरिजाबाईंनी चपला घातल्या. नोकरीत त्यांनी खरे चोर पुष्कळ पाहिले होते. त्यांचा त्यांना इतका राग कधी आला नव्हता, जितका कुणीतरी सापडलं म्हणून हायसं वाटलेल्या माणसांचा येई.

गोपिकाबाई घोंगडीवर बसल्या होत्या. पुढे भाकरी तशीच वाळत होती. गिरिजाबाईंनी मुखवट्याचं काही विचारलं नाही. समुद्र कसा होता, एवढंच विचारलं, आणि म्हातारी सावरून बसली.

सकाळी पोचलो तेव्हा पाणी देवळाच्या पायरीला लागलेलं होतं, त्या सांगू लागल्या. धोंडाईला ओंजळीत धरून पायरीवर उभी राहिले, तर लाट आली आणि आधी माझे पाय धुऊन गेली. घरोघरच्या बाया घालतात तसं पाणी घातलं तिने. मग मुखवटा पुसला, खणात बांधला, आणि तिथून गाठोडं मांडीवरून हललं नाही. होडीतसुद्धा नाही. किल्ला बघून दुपारी परत देवळाशी आलो. सगळे समुद्राकडे पळाले, मी पायरीवर घोंगडी टाकून एकटी बसले.

"डोळा लागला का तिथं?"

"समुद्र म्होरं असताना डोळा कसा लागंल, बाई? जन्मात पहिल्यांदा बघून राह्यले. मी तर ओवी केली." आणि जात्यावर बसल्यासारखी मान हलवत त्यांनी ती म्हटली.

"समिंदराच्या काठी, धोंडाई माझी न्हाली,
पाणी मागं गेलं, वाळूची पायघडी झाली."

गिरिजाबाईंनी ती दोनदा म्हणायला लावली. मग विचारलं, परतीच्या बसमध्ये शेजारी कोण होतं?

"उषाबाई. काकासाहेबांची मालकीण. होडीनं तिचं पोट पार ढवळलं होतं. लई वकली बिचारी. मी तिला खिडकी दिली, तोंड पुसायला घोंगडीचा पदर दिला. मंग पहाटंला डोळा लागला माझा."

"अन् गाठोडं?"

"दोघींच्या मधी. घोंगडीवर."

३

रामराव पारावर बसून चपलेला खिळा ठोकत होते. गावातला सगळ्यात जुना टवाळ माणूस; पण आज त्यांच्या टवाळीत जीव नव्हता.

कोकणाबद्दल त्यांची तक्रार मोठी होती. लोक मासळी खातात ते एक सोडा, पण समुद्राला काही रीत आहे की नाही? "सकाळी गेल्तो तवा पाणी देवळाच्या पायरीला थपडा हाणून राह्यलं होतं. दुपारी गेलो, तर समुद्र पळालेला. मला बघून पळाला म्हणा. ओल्या वाळूतनं इतकं चाललो, इतकं चाललो, की चपलेचा अंगठा तुटला, तवा कुठं घोट्याला पाणी लागलं. आपलं धरण बरं. ठेवलं तिथं ऱ्हातं."

कोण कोण चाललं होतं, या प्रश्नावर त्यांनी सगळ्या गावाची नावं घेतली. गोपिकाबाई पायरीवर बसून राहिली होती. उषाबाई तेवढी बसमधून उतरलीच नाही. सुरूच्या झाडांमागे, रस्त्यावर बस उभी होती, तिथे पडून होती. तिथून समुद्र दिसत नाही.

"दगड कुणी गोळा केल्ते?"

"कुणी न्हाई गोळा केले ते विचारा. सकाळी पायरीपाशी बाया बोरं वेचावी तशा वेचत होत्या. माझ्याबी पिशवीत हायेत चार." रामराव खिळा ठोकायचे थांबले. "गिरिजाबाई, म्हातारीला नाक घासाया लावणार का खरंच?"

"तुम्ही पारावर बसलेले होता. काऊन गप ऱ्हायले?"

रामरावांनी पुन्हा खिळ्यावर हातोडी घातली. घाव बाजूला पडला.

बसचा ड्रायव्हर राधेश्याम बदनापूरचा. कूपनलिकेपाशी तो बस धुवत होता. एकदा धुतलेली बस पुन्हा धुवत होता. गिरिजाबाई जवळ येताना दिसल्या तसा त्याच्या हातातला पाइप वाकडा झाला आणि पाणी स्वतःच्याच पायावर पडलं. दुपारी सगळे समुद्रावर असताना तू कुठे होतास, या साध्या प्रश्नावर त्याने आधी चहा म्हटलं, मग जेवण म्हटलं, मग देवदर्शन म्हटलं.

गिरिजाबाईंनी नुसता नाकाने श्वास ओढला आणि डिकीकडे पाहिलं.

"सुके बोंबील हायेत," राधेश्याम खाली मान घालून म्हणाला. "बाजारात गेल्तो. देवीची गाडी, म्हणून बोललो न्हाई कुणाला. बायकोनं सांगितल्याले. माझी भाडी बंद होतील, मावशी."

"गाडी तशीच उघडी टाकून गेल्तास?"

"बिलकुल न्हाई. सगळ्यांचं सामान आत. बाहेरून कडी घालून कुलूप लावूनच गेल्तो." आणि एवढं बोलून तो एकदम थांबला. काहीतरी नुकतंच आठवलं असावं, असा त्याचा चेहरा झाला.

गिरिजाबाईंनी त्याला ते आत्ता बोलू दिलं नाही. उद्या सकाळी पारावर यायचं, म्हणाल्या. नाहीतर बोंबलांचा वास गावभर जाईल.

४

काकासाहेबांच्या ओसरीवर माणसं होती, म्हणून ते मोठ्याने बोलत होते. दगड बांधून आणते म्हणजे काय. देवीचा नाही तर गावाचा तरी धाक हवा. बारा वर्षांमागेही मी म्हणत होतो, मान जबाबदार घरात असावा. ते खरंच संतापलेले होते. आवाज फुटेपर्यंत संतापलेला माणूस नाटक करत नसतो, एवढं गिरिजाबाईंना कळत होतं. त्यांनी फक्त विचारलं, देवी समुद्रात गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं? काकासाहेबांनी घराकडे मान केली.

आत उषाबाईंनी पाट दिला, चहा टाकला. दारातलं जास्वंदीचं झाड गिरिजाबाईंनी येतानाच पाहिलं होतं. एकही फूल शिल्लक नव्हतं, कळ्यासुद्धा खुडलेल्या. आणि इथे समोरच्या देव्हाऱ्यातल्या देवांवर फुलं होती ती परवाची, कडा काळ्या पडलेली.

उषाबाई गावातली मऊ बोलणारी बाई. आत्ताही डोळ्यांना पदर लावूनच बोलत होत्या.

"तिला जास्ती बोलू नका, गिरिजाबाई. माझ्या मनातबी न्हव्हतं सांगायचं. पण सकाळी घरोघर झडती घ्यायची भाषा सुरू झाली, मंग म्हटलं, गरिबांची भांडीकुंडी कशाला उपसायला लावा."

"तुम्ही काय बघितलं?"

त्यांनी सांगितलं. दुपारी बसमध्ये पडून होते. जरा बरं वाटलं, तशी बाटली भरायला देवळाकडे उतरले. पायरीवर गोपिकाबाई बसल्या बसल्या झोपलेल्या. पाणी पायरीला लागलेलं, गाठोडं घोंगडीच्या कडेला. एक मोठी लाट आली आणि घेऊन गेली. म्हातारी जागी झाली, रडली, आणि मग दगड उचलून दुसऱ्या खणात बांधला. मला बघून तिने हात जोडले. माझ्याच्याने बोलवलं नाही.

"दुपारी बघितलं हे? सगळे समुद्रावर गेल्यावर?"

"व्हय. माझ्या डोळ्यांनी. पण तिची चूक न्हाई हो. वय झालं तिचं. हे मी कुणालाबी सांगंन."

गिरिजाबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तोंडाला लावलेला नव्हता.

"उद्या पारावर सांगा," त्या म्हणाल्या. "असंच्या असं. एक शब्द गाळू नका."

परतताना त्या दैवशालाच्या दारी थांबल्या. सासूला जेवू घाल, म्हणाल्या. उद्या तिला चालायचं आहे.

५

सकाळी पार भरला. गोपिकाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या, जणू नाक घासायचं तर निदान स्वच्छ घासावं.

उषाबाईंनी सगळं सांगितलं, कालच्यासारखंच, पदर डोळ्यांना लावून. बाया हळहळल्या. उषाबाईच्या मनाचा मोठेपणा, असं कुणीतरी मागून म्हणालं.

"मी समुद्र बघितलेला न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. म्हणून तुम्हालाच इचारते. रामराव, तुमची चप्पल कुठं तुटली?"

रामराव बोलायला उठले आणि उठता उठताच त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं: वाळूत. दुपारी. देवळापासून इतक्या लांब, की पायरीवरची म्हातारी मेंढराएवढी दिसत होती. पाणी त्याच्याही पुढे होतं.

"मंग पायरीला कोणतं पाणी लागलं होतं?"

काकासाहेब गरजले, समुद्र आहे तो, लाट कुठूनही येते. पण आता पोरांच्या मागे उभ्या असलेल्या बायाच एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. खरंच की, लुगडी वर धरून किती चाललो आपण. देवळाच्या पायऱ्या तर कोरड्या खडखडीत होत्या, मी त्यावर वाटाणे सांडले ते वेचून खाल्ले.

"भरती अन् ओहोटी, शाळेत शिकलात सगळे," गिरिजाबाई म्हणाल्या. "पण शिकलेलं अंगात उतरत न्हाई. आपलं पाणी धरणातलं. सकाळी जिथं, तिथंच सांजंला. ज्यानं समुद्र फक्त सकाळी बघितला, त्याला वाटणार दुपारीबी पाणी पायरीलाच आसंल. तुम्ही सगळे दुपारी तिथं होता. गोपिकाबाईंनी तर त्याची ओवी केली: पाणी मागं गेलं, वाळूची पायघडी झाली. जिनं ते बघितलं, ती असं गाते. जिनं न्हाई बघितलं, ती लाट आणते."

उषाबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला. डोळे कोरडे होते.

"मी उतरले होते," त्या म्हणाल्या. "ध्यान न्हव्हतं पाण्याकडं."

गिरिजाबाईंनी राधेश्यामकडे बघितलं. तो पुढे आला, एकदा काकासाहेबांकडे आणि एकदा स्वतःच्या पायांकडे बघून घेतलं. मी बाजारात गेल्तो, म्हणाला. काय आणायला, ते नका विचारू. गाडीला बाहेरून कुलूप होतं. काकू आत आहेत हे जाताना माझ्या ध्यानात नव्हतं. आलो तर मागच्या बाकावर झोपलेल्या, जशा होत्या तशाच. घाबरून मी कुणाला बोललो नाही. "त्या उतरल्याच न्हाईत. उतरताच आलं नसतं. चावी माझ्या खिशात होती."

कुलूप होतं हे उषाबाईंना आत्ता कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. काकासाहेबांचा संताप अजून अंगात होता, पण जायला त्याला जागा उरली नव्हती.

"परतीला गाठोडं दोघींच्या मधी होतं," गिरिजाबाईंचा आवाज आता चिरत होता. "तिनं तुम्हाला खिडकी दिली. तुमचं तोंड तिच्या घोंगडीनं पुसलं. अन् ती झोपली तवा तुम्ही सकाळचा वेचलेला दगड तिच्या खणात बांधला. मंग झडतीची भाषा निघाली. देवी समुद्रात गेली म्हटलं की घरं कोण उपसतं? अन् शिव्या दिल्या असत्या तर लोकांनी दहा प्रश्न इचारले असते. तुम्ही दया दाखवली. दयेला कुणी काही इचारत न्हाई. तुमच्या दारातली जास्वंद काल कळ्यांसकट खुडलेली होती, अन् देव्हाऱ्यात शिळी फुलं. कुठं वाहिली ती, उषाबाई?"

"कणगीत," उषाबाई म्हणाल्या. "ज्वारीत हाय. उपाशी न्हाई ठेवली तिला मी."

मग त्या बोलतच राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ नव्हता. लग्न होऊन आल्यापासून जेवणाच्या प्रत्येक ताटावर ऐकतेय, मान आपल्या घरात पाहिजे. माझ्या शेताच्या बांधावरून, माझ्या दारावरून देवी जाते, आणि पाणी मी घालते, हिच्या पायावर. मान घरी आला की चार महिन्यांनी देवी आपोआप कणगीत सापडणार होती. सगळ्यांनी चमत्कार म्हटलं असतं.

६

काकासाहेबच पहिले उठले. घसा खाकरून म्हणाले, आता झालं ते झालं, घरातली गोष्ट आहे, आपल्यात मिटवू.

"काल तुम्हाला मिटवायचं सुचलं न्हाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "काल ती तुमच्या घरातली न्हव्हती."

दैवशाला पुढे झाली. आता उषाबाईंनी नाक घासायचं, इथे, सगळ्यांसमोर. दोन-चार आवाज तिच्या मागे चढले. कालचेच आवाज, फक्त तोंड फिरवलेले. गोपिकाबाईंनी हात वर केला.

"कुणाच्या नाकानं माझं काय व्हायचंय," त्या म्हणाल्या. "माझी देवी आणा."

पण ती आणायला दुसऱ्या कुणाला हात लावता येत नव्हता. मग त्याच चालत गेल्या, काकासाहेबांच्या ओसरीवरून, आत, कणगीपाशी. ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. मुखवटा वर आला तो जास्वंदीच्या पाकळ्यांसकट; डोळ्यांच्या खोबणीत ज्वारीचे दाणे अडकलेले. त्यांनी ते बोटाने काढले, तान्ह्या लेकराच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तसे.

गावात तोवर धावपळ झाली होती. त्या बाहेर आल्या तेव्हा दारोदारी बाया तांबे भरून उभ्या होत्या. काल जिने दार लावून घेतलं होतं ती सगळ्यात पुढे. ती वाकली, तांब्या कलता केला.

गोपिकाबाईंनी पाय मागे घेतला. पाणी मातीत पडलं.

दुसरं दार. तिसरं दार. प्रत्येक ठिकाणी तेच. रामराव आपल्या दारात हात जोडून उभे होते, त्यांच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. शेवटच्या दारातली तरणी सून रडवेली झाली, मावशी, एवढं घालू द्या म्हणाली. तिच्यासाठी त्या थांबल्या.

"ठेव तुझं पाणी, माय," त्या म्हणाल्या. "माझे पाय समुद्रानं धुतलेत."

आणि धोंडाईला छातीशी धरून त्या देवळाच्या पायऱ्या चढल्या. दर बारा वर्षांनी त्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटायची आणि लोक ती बोटांनी टिपून कपाळाला लावायचे. आज पायऱ्यांवर नुसत्या धुळीची पावलं उमटली. कुणी वाकलं नाही. बाया भरलेले तांबे धरून तशाच उभ्या राहिल्या.